वेळ फार गोड गेला

सांता ब्रिहिदा
१२ जून १९६१

प्रिय एदुविहेस मावशी,

काल एर्सिलियाबाईंच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं जेवण झालं. तू शिवून पाठवलेला निळा झगा घातला होता. कंबरेत जरा सैल होतो, पण सगळ्यांना आवडला. तुझ्या या मैत्रीणबाईंनी मला दारातच जवळ घेतलं आणि चारचौघांत म्हणाल्या, "ही आमच्या एदुविहेसची भाची. शाळेत मास्तरीण म्हणून हिला मीच चिकटवली." मी हसले. चिकटवली तर चिकटवली.

पण मला तुला वेगळंच सांगायचं आहे. रात्रभर झोप नाही.

जेवणानंतर अंगणात गाणंबजावणं चाललं होतं. तिघे वादक होते. त्यात बारा तारांचं तिप्ले वाजवणारा कुस्तोदियो रांगेल म्हणजे या खोऱ्यातला सगळ्यांत चांगला हात. बाईंच्या मुलाला, लिसांद्रोला, शोभेचे बाण सोडायची हुक्की आली. चारच्या उन्हात! कुस्तोदियोजवळ जाऊन म्हणाला, "उस्ताद, बोटं एवढी चपळ आहेत तुमची, जरा बाण धरून दाखवा." तो म्हणाला, "नको साहेब, माझं पोट या हातावर आहे." त्यावर लिसांद्रोचे मित्र खिदळले. लिसांद्रोने त्याचं डावं मनगट पकडलं, मुठीत बाण कोंबला आणि वात पेटवली. बाण सुटलाच नाही. मुठीतच फुटला.

मी पाच पावलांवर होते, मावशी. आधी आवाज, मग धूर, आणि मग तो आपल्या हाताकडे बघत उभा. ओरडलासुद्धा नाही. कुणीतरी टेबलावरचा पांढरा रुमाल ओढून त्याच्या हाताला गुंडाळला आणि दोघांनी त्याला मागच्या बाजूला नेलं. तेवढ्यात एर्सिलियाबाई बाकीच्या दोघांना म्हणाल्या, "थांबलात का? वाजवा, वाजवा!" आणि त्यांनी वाजवलं. मग केक कापला. मग केव्हातरी मी घरी आले.

आता माझ्यासमोर कोरी चिठ्ठी आहे. इथे दुसऱ्या दिवशी यजमानीणबाईंना "वेळ फार गोड गेला" असं लिहून पाठवावंच लागतं. शेजारच्या दोघींच्या चिठ्ठ्या सकाळीच गेल्या. मी तीनदा "आदरणीय सेन्योरा" लिहिलं आणि तीनदा फाडलं. काय करू?

तुझी,
ओतिलिया


तुंहा
१६ जून

ओतिलिया बाळ,

पत्र वाचलं आणि लगेच चुलीत घातलं. असलं कागदावर ठेवू नये. तूही माझी पत्रं ठेवू नकोस.

त्या बिचाऱ्या माणसासाठी मी मेणबत्ती लावली. पण आता माझं ऐक. चिठ्ठी लिही. आजच्या आज लिही. आधीच चार दिवस उशीर झालाय. उशिराचं कारण म्हणून डोकेदुखी सांग, डोकेदुखीला कुणी पुरावा मागत नाही.

आणि नीट लिही. नुसतं "मुय ब्येन", छान झालं, एवढंच लिहू नकोस, ते तर माणूस दंतवैद्याकडून आल्यावरही म्हणतो. "देलिसियोसो", फार गोड, असं लिही. "वेळ फार गोड गेला, तुमच्या घरासारखा जिव्हाळा कुठे नाही, देव तुम्हाला सोन्याचा वाढदिवस दाखवो." बस, तीन ओळी. मी आणि एर्सिलियाने नन्सच्या शाळेत एकाच बाकावर बसून हे गिरवलंय. सिस्टर म्हणायच्या, जेवण करपलेलं असो की यजमान दारू पिऊन पडलेला असो, चिठ्ठी तीच. ती चिठ्ठी म्हणजे साक्ष नव्हे गं, पायपुसण्यावर पाय पुसावेत तशी रीत आहे. पाय पुसताना कुणी विचार करतं का?

तुझी नोकरी वर्षाच्या कराराची आहे आणि तो करार कुणाच्या शब्दावर झाला ते तुला ठाऊक आहे. तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. मी तुला झगे शिवून मास्तरीण केलंय, हट्ट करण्यासाठी नव्हे.

आणि एक विचारते. पाच पावलांवर होतीस म्हणतेस, पण धुरात, गडबडीत, तू खरंच पाहिलंस? की तुला वाटलं?

कंबरेला आतून दोन टाके घाल, झगा बसेल.

तुझी मावशी


सांता ब्रिहिदा
२१ जून

प्रिय मावशी,

वाटलं नाही. पाहिलं. धूर नंतर झाला, मनगट आधी पकडलं होतं.

चिठ्ठी लिहिलेली नाही. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर एर्सिलियाबाईंनी मला गाठलं. भोवती सात-आठ बायका होत्या. हसत हसत विचारलं, "काय मास्तरीणबाई, आमच्याकडे वेळ कसा गेला?"

मी म्हटलं, "जेवण फार चांगलं होतं, सेन्योरा."

"जेवणाचं नाही विचारलं मी."

"मटण तर फारच मऊ शिजलं होतं."

"मटणाचं कौतुक स्वयंपाकिणीला सांगा. मी वेळाबद्दल विचारतेय."

मी म्हटलं, "मला वर्गाची तयारी करायचीय, येते." आणि निघाले. पाठीमागून त्या म्हणाल्या, "शहरात शिकलेल्यांना साधी रीतही शिकवावी लागते." त्यावर हशा झाला.

आता खरी गोष्ट ऐक. कुस्तोदियो मोठ्या गावातल्या इस्पितळात आहे. डाव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. त्याच्या बायकोने, रोसेंदाने, इन्स्पेक्टरकडे तक्रार दिली; गावातले छोटे खटले तोच चालवतो. लिसांद्रोने उलट जबाब दिलाय की अंगणात काही झालंच नाही. वादक प्यायलेला होता, त्याने बाण चोरले, रस्त्यावर जाऊन स्वतःच पेटवले. आणि पुरावा काय दिला माहितीय? चिठ्ठ्या! एर्सिलियाबाईंनी सव्वीस चिठ्ठ्या रिबीन बांधून इन्स्पेक्टरच्या टेबलावर ठेवल्या. सव्वीस घरं लिहितात, वेळ फार गोड गेला. एकाही चिठ्ठीत अपघाताचा उल्लेख नाही. मग अपघात झाला कुठे? चोरी सिद्ध झाली तर कुस्तोदियोला त्या हातासकट कोठडीत टाकतील.

तू म्हणालीस ही साक्ष नव्हे. झाली बघ.

सत्ताविसावी चिठ्ठी नाही हे सगळ्या गावाला कळलंय. मुख्याध्यापिका काल म्हणाल्या, "ओतिलिया, पुढच्या वर्षीचे करार नोव्हेंबरात होतात. तोवर कुणाला नाराज करायचं कशाला?" त्या वाईट नाहीत, घाबरलेल्या आहेत. मीही घाबरलेय. रोसेंदा मला बाजारात भेटली. काही मागितलं नाही तिने. नुसती म्हणाली, "तुम्ही चिठ्ठी दिली नाही म्हणे." मला मान वर करता आली नाही.

मी काय करावं ते सांगू नकोस. नुसतं लिही.

ओतिलिया


तुंहा
२७ जून

ओतिलिया बाळ,

चिठ्ठीचा विषय आता मनातून काढून टाक. त्याची काळजी करू नकोस, ते मिटल्यासारखंच समज. तू शाळेत जा, मुलींना पाढे शिकव, डोकं दुखलं तर कॉफी कमी पी. कुणी काही विचारलं तर बोलू नकोस. पुन्हा सांगते, काहीही करू नकोस.

इथे थंडी फार आहे. खांदे धरलेत, जास्त लिहवत नाही.

मावशी


सांता ब्रिहिदा
३ जुलै

माझी लाडकी मावशी,

तुझं पत्र वाचून छातीवरचा दगड उतरला. "विषय मनातून काढून टाक" हे तू लिहिलंस! मला वाटलं होतं, तू चार पानं रागावशील. तू समजून घेतलंस, आता मला कुणाची भीती नाही.

मी ठरवलंय. गुरुवारी इन्स्पेक्टरसमोर सुनावणी आहे, मी जाऊन पाहिलेलं सांगणार. सव्वीस घरांतून कुणी बोलणार नाही, आणि रोसेंदा तर अंगणात नव्हतीच. मी रोसेंदाला सांगितलं तर ती माझा हात धरून रडली. मग शालीने नाक पुसून म्हणाली, "नीट विचार करा बाई. आम्हाला सवय आहे, तुम्हाला नाही."

एक गंमत सांगते, मला उलगडा होत नाही. शनिवारी एर्सिलियाबाईंच्या मोलकरणीने पेरूच्या वड्यांचा डबा आणून दिला. वर निरोप, "बाईंनी सांगितलंय, अंगठ्याला जपा." कसला अंगठा? मी दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. तिचा काहीतरी घोटाळा झाला असेल. पण रविवारी चर्चमध्येही बाई माझ्याकडे बघून गोड हसल्या. मला ते हसू आवडलं नाही.

गुरुवारी माझ्यासाठी प्रार्थना कर.

तुझी,
ओतिलिया


सांता ब्रिहिदा
७ जुलै

मावशी,

काल सुनावणी झाली. खोली भरलेली होती, खिडकीतही लोक होते. मी उभी राहून सगळं सांगितलं. मनगट, बाण, वात, रुमाल. रोसेंदा पहिल्या बाकावर होती. मी बसायला लागले तर इन्स्पेक्टर म्हणाला, "थांबा बाई. अंगठा बरा झाला का तुमचा?"

मी म्हटलं, "माझ्या अंगठ्याला काही झालं नव्हतं."

"मग हे काय?" म्हणून त्याने एक पत्र उघडलं. कागदाच्या पाठीमागूनही मी अक्षर ओळखलं. त्या अक्षरात मी नऊ वर्षांची असताना बाराखडी गिरवली आहे.

त्याने मोठ्याने वाचलं. "प्रिय एर्सिलिया, माझ्या भाचीचा अंगठा वर्गाच्या दारात चेमटला म्हणून तिच्या वतीने मी लिहिते. तिने मला सविस्तर कळवलं आहे की तुझ्याकडे तिचा वेळ अत्यंत गोड गेला, कसलंही गालबोट लागलं नाही."

कसलंही गालबोट लागलं नाही! हे तर सिस्टरनी शिकवलेलं नव्हतं ना, मावशी? हे तू आपल्या मनाने घातलंस.

लिसांद्रो उठून म्हणाला, "मास्तरीणबाईंना स्वतःचा वेळ कसा गेला तेसुद्धा ठरवता येत नाही, त्या माझं काय सांगणार?" सगळी खोली हसली. एर्सिलियाबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं, ते जास्त लागलं. रोसेंदा उठली आणि माझ्या बाजूने न बघता निघून गेली. तिला वाटलं, मी दोन्हीकडून खेळले.

इन्स्पेक्टरने निकाल अठरा तारखेला ठेवलाय. माझी साक्ष बाद झाल्यातच जमा आहे.

मी तुला सगळं लिहिलं होतं. पहिल्या दिवशी, बाकी कुणाला सांगायच्या आधी. ते तू जाळलंस आणि त्याच्या जागी हे लिहिलंस.

उत्तर नको.

ओतिलिया


तुंहा
११ जुलै

ओतिलिया,

उत्तर नको म्हणालीस, तरी लिहिते. तू उघडलं नाहीस तरी चालेल.

एर्सिलियाने मला लिहिलं होतं, तुझं एकवीस तारखेचं पत्र पोचलं त्याच दिवशी. "तुझ्या भाचीची चिठ्ठी आली नाही. लोक बोलायला लागलेत. मुलीचं भविष्य आहे, बघ काय करता येतं ते. एक ओळ पुरे, की गालबोट लागलं नाही." ते शब्द तिचे. मी उतरवून घेतले. मला कळत होतं ते कशासाठी हवेत. कळलं नाही असं म्हणणार नाही.

भीती वाटली, बाळ. माझे डोळे अधू होत चाललेत, हे तुला सांगितलं नव्हतं. काळ्या कापडावर काळा दोरा आता दिसत नाही. वर्षभरात सुई खाली ठेवावी लागेल. मग तुझा पगार आणि मी. हे एक. दुसरं सांगायला लाज वाटते. एर्सिलिया ही माझी एकच मोठ्या घरातली मैत्रीण. वर्षातून एकदा तिचं कार्ड येतं, ते मी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवते. गिऱ्हाइकं झगा घालून बघताना वाचतात.

तुझं पत्र मी जाळलं, त्यामुळे दाखवायला माझ्याजवळ काही नाही. फक्त तोंड आहे. शुक्रवारच्या बसने येते. उतरायला ये किंवा येऊ नकोस, मला रस्ता ठाऊक आहे.

मावशी


तुंहा
२० जुलै

ओतिलिया बाळ,

सुखरूप पोचले. बस दोनदा बंद पडली. आज स्वातंत्र्यदिन, खाली बँड वाजतोय आणि मी खिडकी लावून लिहितेय.

तू बसच्या थांब्यावर मला काही विचारलं नाहीस आणि मीही बोलले नाही. शनिवारी सकाळी इन्स्पेक्टरच्या कचेरीत जाण्याआधी मी तासभर कुठे होते ते आता सांगते. एर्सिलियाकडे होते.

तिने कॉफी मागवली. मी म्हटलं, "कॉफी नको. एर्सिलिया, मी खोटं लिहिलं, आणि ते सांगायला चाललेय. तुझ्या पाठीमागे जायचं नव्हतं."

ती म्हणाली, "चिठ्ठीत खरं-खोटं कुठून आलं, एदुविहेस? तू काय काल जन्मलीस?"

"तुझ्या मुलाने त्या माणसाचा हात धरला होता."

"मला सांगतेस? सुरी हातात घेऊन मी केकपाशी उभी होते. मला अंगणाच्या दोन्ही टोकांचं दिसत होतं."

मी म्हटलं, "मग 'वाजवा' कशाला म्हणालीस?"

ती बराच वेळ कपातली कॉफी ढवळत राहिली. साखर घातलीच नव्हती तिने. मग म्हणाली, "वाजवणं थांबलं असतं तर ते घडलं असतं. वाजत राहिलं, म्हणून मला वाटलं, अजून घडलेलं नाही." आणि मग एकदम आवाज चढवून, "माझा एकुलता एक आहे तो! तुला मूल असतं तर कळलं असतं."

मी म्हटलं, "आहे मला. तिलाच तुम्ही भर खोलीत हसलात."

ती उठली नाही. दारापर्यंत माझी मीच गेले. ओसरीवर तिचा नवरा, ग्रासियानो, टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं असावं. त्याने माझ्यासाठी दार उघडलं आणि मी फाटकापाशी पोचेपर्यंत ते धरून ठेवलं.

इन्स्पेक्टरसमोर काय झालं ते तू पाहिलंसच. "बाई, पहिलं खोटं की आता सांगताय ते खोटं?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "पहिल्याने मला फायदा होता. यात काय फायदा आहे तो तुम्हीच शोधा." हे कुठून सुचलं देव जाणे.

कार्ड आरशातून काढलं. तिथला आरसा बाकीच्यापेक्षा स्वच्छ निघाला.

निकाल काय लागला ते कळव. आणि एवढंच सांग, आता तरी माझी पत्रं उघडतेस ना?

मावशी


सांता ब्रिहिदा
६ ऑगस्ट

प्रिय मावशी,

उघडते. आधीचंही उघडलं होतं, म्हणून तर थांब्यावर आले होते.

निकाल पुढे ढकलत ढकलत परवा लागला. तुझ्यानंतर दोन दिवसांनी त्या तीन वादकांतला बासरीवाला स्वतःहून आला आणि म्हणाला, मीही पाहिलं. मग औषधवाल्याची बायको आली. तिने आपली चिठ्ठी परत मागितली! इन्स्पेक्टर म्हणाला, पुरावा परत मिळत नाही. ती म्हणाली, "मग त्यावर लिहून घ्या की जेवण तेवढं खरं होतं." चोरीचा आणि दारूचा आरोप रद्द झाला. लिसांद्रोचं प्रकरण जिल्ह्याच्या न्यायाधीशाकडे गेलंय. त्याला बोगोताला काकाकडे पाठवून दिलाय, तो परत येईल की नाही कुणास ठाऊक. न्याय झाला असं नाही म्हणता येणार. पण कुस्तोदियोला कोठडी नाही.

मला बदलीचा कागद आलाय. सोमवारपासून डोंगरावरच्या लास क्रुसेसच्या शाळेत, खेचरावरून चार तास. एकच वर्ग आहे, मागे राहायला खोली, धुकं फुकट. मुख्याध्यापिकांनी कागद देताना माझे हात धरले आणि म्हणाल्या, "मी काही करू शकले नाही." मी म्हटलं, माहितीय. तुझ्या डोळ्यांचं मात्र तिथून बघू. मी एका डॉक्टरांना लिहिलंय. तू सुई खाली ठेवलीस की डोंगरावर ये. खोलीत दोन खाटा मावतात, मी मोजून आलेय.

आता जे तुला कधी लिहिलं नाही ते लिहिते. पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं, केक कापला आणि मग केव्हातरी घरी आले. मधलं गाळलं होतं. मी केक खाल्ला, मावशी. बशी पुसून खाल्ला. आणि निघताना दारात सेन्योर ग्रासियानो टोप्या देत उभे होते, त्यांचा हात हातात घेऊन मी म्हणाले, "वेळ फार गोड गेला." रस्त्यावर आल्यावर मला माझा आवाज ऐकू आला. म्हणून मला ते लिहिता येत नव्हतं. मी शूर नव्हते. मी ते एकदा बोलून बसले होते.

सुनावणीत ते एक वाक्य सांगून ग्रासियानोंना मला पुरतं बुडवता आलं असतं. ते गप्प राहिले. का, ते मला कळलेलं नाही.

काल कुस्तोदियोच्या घरी गेले. तो इस्पितळातून आलाय. भिंतीला टेकून बसला होता, तिप्ले खुंटीवर. रोसेंदाने स्टूल दिलं. तो आभार मानेल असं मला वाटलं होतं, उगाच कशाला लपवू? तो म्हणाला, "बाई, तुम्ही पाच पावलांवर होतात म्हणे. मग त्याने माझं मनगट धरलं तेव्हा का नाही बोललात?"

मी त्याला केकचं सांगितलं, आणि दारातलंही. सगळं. रोसेंदाचा चुलीवरचा हात थांबला.

तो बँडेजकडे बघत म्हणाला, "मीही म्हणालो होतो."

"काय?"

"मागच्या दाराने मला नेत होते, तेव्हाही सेन्योर ग्रासियानो दार धरून उभे होते. बत्तीस वर्षं मी लोकांच्या समारंभात वाजवतोय बाई, निघताना यजमानाला म्हणायचं ते तोंडात बसलंय. मी त्यांना म्हणालो, 'धन्यवाद सेन्योर, वेळ फार गोड गेला.' बोटं रुमालात लोंबत होती."

रोसेंदाने त्याच्याकडे पाहिलं. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. तिने तीन वाट्या काढल्या आणि बटाट्याचं सूप वाढलं. कुस्तोदियोने वाटी मांडीवर ठेवून उजव्या हाताने खाल्लं. मीठ जास्त पडलं होतं, त्याने तिला तसं सांगितलं, तीही म्हणाली, हो, लक्ष नव्हतं. मी म्हटलं, मलाही खारट लागतंय. बाहेर पाऊस लागून राहिला होता, म्हणून मी आणखी तासभर बसले.

तुझी,
ओतिलिया